आयोडीन जादा होतं ते मिठातून नव्हे

सांगलीच्या गणपती पेठेत किंवा साताऱ्यात राजवाड्याच्या आसपास कुठल्याही किराणा दुकानात आता नेहमीच्या मिठाच्या पुड्याशेजारी गुलाबी शेंदेलोण मांडलेलं दिसतं. ते घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कारण ठरलेलं असतं: घरात कुणाला तरी थायरॉईड आहे आणि आयोडीनच्या मिठाने तो वाढतो असं कुणीतरी सांगितलंय. त्याच मोबाईलवर उलटा सल्लाही येतो. थायरॉईड म्हणजे आयोडीनची कमतरता, तेव्हा आयोडीनचे थेंब घ्या, समुद्री शेवाळाच्या गोळ्या घ्या. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याने नुकसान होतं ते मुख्यतः पोटातल्या बाळाचं, दुसऱ्याने होतं ते ज्याची गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आधीच दुखावलेली आहे त्याचं. आणि या गोंगाटात आयोडीन जिथून खरोखर जादा येतं त्या जागांकडे, म्हणजे स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते डाय, हृदयाच्या ठोक्यांची गोळी, जखमेवरचं तपकिरी औषध यांच्याकडे कुणी बघतच नाही.

मिठाचा हिशेब सोपा आहे. एक पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात एक मायक्रोग्रॅम आयोडीन. कारखान्यातून निघताना मिठात साधारण ३० पीपीएम आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडताना किमान १५ पीपीएम आयोडीन असावं, असा आपल्याकडचा दंडक आहे. भाजी-आमटी, चटणी, लोणचं, पापड धरून माणशी आठ-दहा ग्रॅम मीठ दिवसाला सहज पोटात जातं. दहा ग्रॅम धरले तर १५ पीपीएमने १५० मायक्रोग्रॅम होतात, ३० ने ३००. शिजवताना त्यातलं काही जातं, झाकण नसलेल्या बरणीतून दमट हवेने आणखी थोडं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची २५०. म्हणजे मिठातून मिळतं ते गरजेच्या आसपास, फार तर दुप्पट. रोज घेतलं तरी चालेल अशी वरची मर्यादा युरोपात ६०० मायक्रोग्रॅम धरतात, अमेरिकेत १,१००. ३० पीपीएमच्या मिठाने ६०० गाठायला २० ग्रॅम मीठ लागेल, १,१०० गाठायला ३६ ग्रॅमच्या वर, म्हणजे चहाचे सहा-सात सपाट चमचे. इतकं मीठ खाणाऱ्याचं आधी ब्लडप्रेशर हाताबाहेर जाईल.

आता औषधाच्या कपाटाकडे या. इथे मोजमापच बदलतं, मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम येतात, म्हणजे हजारपट. ल्युगॉल नावाचं जे ५ टक्क्यांचं आयोडीनचं द्रावण मिळतं, त्याच्या एका थेंबात सुमारे ६ मिलिग्रॅम आयोडीन असतं. रोजच्या गरजेच्या चाळीसपट, एका थेंबात! हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यासाठी ॲमिओडॅरोन देतात. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन आहे आणि त्यातलं रोज साधारण ६ मिलिग्रॅम सुटं होऊन रक्तात फिरतं. जखमेवर लावायच्या १० टक्क्यांच्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम आयोडीन मोकळं होऊ शकतं. सिटी स्कॅनच्या डायमध्ये दर मिलिलिटरला ३०० मिलिग्रॅमच्या घरात आयोडीन असतं, आणि एका स्कॅनला ७०-८० मिलिलिटर डाय सहज जातं. ८० मिलिलिटरचे झाले २४ ग्रॅम. त्यातलं बहुतेक सगळं रेणूत घट्ट बांधलेलं असतं आणि मूत्रपिंड ठीक असेल तर दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. तरी सुटं आयोडीन जे उरतं तेही हजारो मायक्रोग्रॅम भरतं.

मीठ आणि औषध यांतला हा फरक डोक्यात बसला की पुढची चर्चा सरळ होते.

जादा आयोडीनने नेमकं होतं काय? थायरॉईडच्या पेशीच्या भिंतीवर एक प्रथिन असतं, ते सोडियमच्या जोडीने रक्तातलं आयोडीन आत ओढतं. आत थायरॉईड पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम ते टायरोसीन नावाच्या अमिनो आम्लावर बसवतं. शेवटी चार आयोडीन असलेला रेणू तयार झाला तर तो टी-फोर, तीन असले तर टी-थ्री; हेच थायरॉईडचे हार्मोन. ग्रंथीत मिळून १५-२० मिलिग्रॅम आयोडीन साठलेलं असतं आणि हार्मोन बनवायला दिवसाला लागतात फक्त ६०-८० मायक्रोग्रॅम. कच्चा माल वाढला की पक्का मालही वाढेल, असं आपल्याला वाटतं. पण १९४८ मध्ये जॅन वुल्फ आणि इस्रायल चायकॉफ यांनी उंदरांवर उलटंच दाखवून दिलं: रक्तातलं आयोडीन एका मर्यादेपलीकडे गेलं की ग्रंथी हार्मोन बनवणंच थांबवते. साखर कारखान्यात गव्हाणीत ऊस एकदम जादा पडला की मिल तुंबते, तसंच हे. मग गेटवर गाड्या अडवतात, गव्हाण मोकळी होते आणि गाळप पुन्हा सुरू होतं. ग्रंथीही तेच करते. आयोडीन ओढणारं प्रथिन ती कमी करते, आतलं आयोडीन उतरतं आणि आठ-दहा दिवसांत काम पूर्ववत चालू होतं. धडधाकट माणसाला स्कॅननंतर काही जाणवत नाही ते यामुळे.

(हे थांबणं डॉक्टरांनी समजण्याआधीच वापरात आणलं होतं. १९२३ पासून अतिसक्रिय थायरॉईडच्या ऑपरेशनआधी थोडे दिवस ल्युगॉलचे थेंब देण्याची पद्धत रूढ झाली. हार्मोन उतरतं, ग्रंथीतला रक्तपुरवठा कमी होतो. ते थेंब ऑपरेशनची तारीख ठरल्यावर, आठ-दहा दिवसांपुरते. दुकानातून आणून वर्षभर घ्यायचे नव्हेत.)

घोटाळा होतो तो गेट बंद करता येत नाही त्यांच्यात. हाशिमोटोचा आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटलेली, असणारे लोक. पूर्वी हायपरसाठी, म्हणजे ग्रंथी अतिसक्रिय झाली म्हणून, रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीन) घेतलेले किंवा अर्धी ग्रंथी काढलेले. मानसिक आजारासाठी लिथियम चालू असलेले. बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन गेलेल्या बायका. आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे पोटातलं बाळ आणि दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ. यांच्या ग्रंथीचं काम थांबतं ते थांबलेलंच राहतं. टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूकडचा हार्मोन, चढतो (ग्रंथी थंडावली की तो वाढतो), टी-फोर उतरतो, अंग जड वाटतं, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, पाळीचं चक्र बिघडतं.

उलटी बाजूही आहे. वर्षानुवर्षं गळ्याला गाठी असलेल्या वयस्कर माणसाच्या काही गाठी मेंदूचं ऐकेनाशा झालेल्या असतात. टीएसएच कितीही खाली जावो, आयोडीन मिळेल तेवढं हार्मोन त्या बनवत राहतात. अशा माणसाला डाय मिळालं की साधारण दोन ते बारा आठवड्यांत धडधड, थरथर, वजन उतरणं सुरू होतं, कधी हृदयाचे ठोकेच अनियमित होतात. तोवर स्कॅन कुणाच्या लक्षातही नसतो. घरचे हृदयाच्या डॉक्टरकडे नेतात, ईसीजी होतो, टू-डी इको होतो, आणि टीएसएच सगळ्यांत शेवटी निघतो.

बाळाच्या बाबतीत थोडं थांबून आकडे पाहायला हवेत, कारण इथे एक मिलिलिटरही मोठा असतो. दीड किलोचं, आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ धरा. त्याची रोजची आयोडीनची गरज किलोमागे ३० मायक्रोग्रॅमने ४५ मायक्रोग्रॅम. त्याच्या त्वचेवर सलाईनची नळी घालण्याआधी १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन एक मिलिलिटर फिरवलं, तर त्यात १० मिलिग्रॅम आयोडीन आलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पातळ, ती बरंच काही आत सोडते. त्यातलं फक्त १ टक्का शोषलं गेलं असं समजू, तरी १०० मायक्रोग्रॅम झाले, दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. आणि असं पुसणं दिवसातून दोन-तीनदाही होतं. त्या वयाच्या ग्रंथीला गेट बंद करणं जमत नाही, ती क्षमता साधारण पूर्ण दिवसांच्या आसपास येते. मेंदूची वाढ सर्वांत वेगात चालू असताना हार्मोन बंद पडणं, हे कुठल्याही पालकाला परवडणारं नाही. बरेचदा हा प्रकार तात्पुरता असतो आणि आयोडीन थांबवलं की काही आठवड्यांत टीएसएच खाली येतो. पण तात्पुरता आहे हे कळायलाही आधी मोजावं लागतं.

उपाय महाग नाही. नवजात बाळांच्या कक्षात जिथे चालेल तिथे क्लोरहेक्सिडीन हे आयोडीन नसलेलं जंतुनाशक वापरावं. फार कमी दिवसांच्या, किलोभराच्या आतल्या बाळाच्या कातडीला तेही भाजू शकतं, तेव्हा तिथे नर्सबाईंच्या हाताला वळण आणि डॉक्टरांचा निर्णय दोन्ही लागतात. पोव्हिडोन वापरायचंच असेल तर काम झाल्यावर ते सलाईनने पुसून काढावं. वाळलेला तपकिरी थर रात्रभर अंगावर ठेवण्यात काही साधत नाही. नाळेला हे औषध लावू नये, नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवली की पुरतं. टाचेच्या रक्ताची टीएसएच तपासणी ४८ ते ७२ तासांत होते, ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करावी. पहिली तपासणी चांगली आल्यावर फाइल बंद करायची सवय इथे नडते. आणि सिझेरियननंतर आईच्या जखमेवर दिवसेंदिवस पोव्हिडोनच्या पट्ट्या बदलल्या जात असतील, तर ते आयोडीन दुधातून बाळापर्यंत जातं, हे प्रसूती कक्षाने लक्षात ठेवावं.

मोठ्यांमध्ये सर्वांत दुर्लक्षित प्रकार म्हणजे न भरणारी जखम. मधुमेहाचा पाय, भाजलेली मांडी, फडात कोयता लागून चिघळलेली नडगी. गावातल्या दवाखान्यात आठवडे न् आठवडे त्या खड्ड्यात पोव्हिडोनमध्ये भिजवलेली गॉज भरली जाते. उघड्या मांसावरून आयोडीन कातडीपेक्षा किती तरी जास्त शोषलं जातं, आणि मधुमेहाने मूत्रपिंडही अधू झालेलं असेल तर बाहेर पडायला वाट राहत नाही. जखम पहिल्यांदा साफ करताना ते वापरणं वेगळं, महिनाभर रोज भरणं वेगळं. जखमेत लाल, दाणेदार मांस दिसायला लागलं की सलाईनची पट्टी बहुतेक वेळा पुरते. गुळण्यांचंही तसंच आहे. २ टक्क्यांच्या दहा मिलिलिटर गुळणीत २० मिलिग्रॅम आयोडीन असतं. चार दिवस घसा दुखतोय म्हणून केल्या तर हरकत नाही, पण सवय म्हणून रोज सकाळी करायचं ते औषध नव्हे.

मूल राहत नाही म्हणून नळ्यांची एक्स-रे तपासणी करतात, त्यात तेलकट डाय वापरलं असेल तर ते पोटात महिनोन् महिने रेंगाळतं आणि आयोडीन सावकाश सोडत राहतं. पाण्यात विरघळणारं डाय लवकर निघून जातं. तपासणीनंतर दिवस राहिले तर नेमके पहिले तीन महिने, जेव्हा बाळ आईच्या थायरॉईडवर अवलंबून असतं, तेव्हाच आईचा टीएसएच चढलेला असू शकतो. तेलकट डाय वापरलं होतं का, एवढं रिपोर्टवर पाहायचं, आणि असेल तर पुढचे काही महिने महिन्या-दीड महिन्याने टीएसएच करायचा.

ॲमिओडॅरोनबद्दल एकच बजावून सांगणं: टीएसएच बिघडला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ज्या कारणासाठी ती दिलेली असते ते थायरॉईडपेक्षा तातडीचं असतं, आणि गोळी थांबवली तरी औषध चरबीत साठलेलं असल्याने आयोडीन पुढे कित्येक महिने सुटत राहतं. सुरू करण्याआधी टीएसएच, तीन महिन्यांनी पुन्हा, नंतर दर सहा महिन्यांनी, हा क्रम पाळला की बहुतेक प्रसंग वेळेत सापडतात. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडा वर जातो आणि आपसूक खाली येतो, तेवढ्यावरून थायरॉईडची गोळी चालू करायची घाई नको.

थेंब आणि शेवाळ यांच्याबद्दल मात्र सौम्य बोलण्यात अर्थ नाही. समुद्री शेवाळात आयोडीन किती, हे जातीवर, समुद्रावर, वाळवण्याच्या पद्धतीवर ठरतं. एका ग्रॅमला दहा-वीस मायक्रोग्रॅमपासून काही हजार मायक्रोग्रॅमपर्यंत. जपानच्या होक्काइदो बेटावर कोम्बू जातीचं शेवाळ भरपूर खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या लोकांत गलगंड आढळला होता, आयोडीनच्या कमतरतेने नव्हे तर अतिरेकाने. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदाराला शेवाळाचा अर्क ओळखीचा आहे, पण तो वेलीवर फवारायचा. वेलीला थायरॉईड नसतं. 'थायरॉईड सपोर्ट' असं लिहिलेल्या डबीवर आयोडीन किती मायक्रोग्रॅम आहे ते छापलेलं नसेल तर ती विकत घेऊ नये, आणि छापलेला आकडा १५० च्या वर असेल तर ती कुणासाठी आहे हे आधी विचारावं. आयोडीन कमी आहे का हे बघायला मनगटावर आयोडीन लावून डाग किती तासांत जातो हे मोजण्याची टूमही निघाली आहे. डाग जातो तो बराचसा हवेत उडून आणि कातडीत मिसळून. त्यावरून शरीरातल्या आयोडीनचं काही कळत नाही.

केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांचा घोळ आणखी निराळा. १० मिलिग्रॅम बायोटिनने काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दाखवला जातो, म्हणजे कागदावर हायपर, शरीरात काहीच नाही. तपासणीआधी दोन-तीन दिवस ती गोळी थांबवावी आणि लॅबवाल्याला सांगावं.

बरं, मग मीठ पूर्ण निर्दोष आहे का? तसं म्हणणं प्रामाणिक होणार नाही. चीनमधल्या तीन भागांची पाच वर्षं पाहणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लघवीतलं आयोडीन लिटरमागे ८४ मायक्रोग्रॅम असलेल्या भागात सौम्य हायपोचे (ग्रंथी मंदावल्याचे) नवे रुग्ण ०.२ टक्के निघाले, २४३ च्या भागात २.६ टक्के आणि ६५१ च्या भागात २.९ टक्के. डेन्मार्कने २००० मध्ये मीठ-पावाला आयोडीन सक्तीचं केलं त्यानंतर काही वर्षं हायपरचे रुग्ण वाढले, मग उतरले. आपल्याकडे आठ शहरांतल्या प्रौढांच्या पाहणीत, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ ११ टक्के लोकांना हायपो निघालं आणि पाचातल्या एकाहून जास्त जणांच्या रक्तात थायरॉईडविरोधी अँटीबॉडी होत्या. आयोडीन पुरेसं मिळू लागलं की प्रतिकारशक्तीचा थायरॉईडवरचा हल्ला थोडा वाढतो, हे मानायला जागा आहे. पण त्याची किंमत एका गोळीने भागते. आयोडीन कमी पडण्याची किंमत बाळाच्या मेंदूने चुकती होते आणि ती नंतर कुठल्याच गोळीने परत मिळत नाही. वैद्यक संशोधक व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनचं मीठ देऊन गलगंड ओसरतो हे दाखवलं, त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. तो कार्यक्रम गळ्याच्या गाठीसाठी होता, असं अजूनही बहुतेकांना वाटतं. १९९२ मध्ये त्याचं नाव बदलून आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण केलं गेलं ते याचसाठी, की गाठ दिसते तरी, मंद झालेली बुद्धी दिसत नाही.

आपल्या भागासाठी यात एक खास गोष्ट आहे. माण-खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यात बाजरी हे मुख्य अन्न. बाजरीतले काही घटक थायरॉईड पेरॉक्सिडेजचं काम मंदावतात, हे प्रयोगांत दिसलं आहे, आणि सुदानच्या बाजरी खाणाऱ्या भागातल्या गलगंडाशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. पुरेसं आयोडीन मिळत असेल तर बाजरीची भाकरी बिनधास्त खावी, काही होत नाही. पण तीच भाकरी खाणाऱ्या घराने आयोडीनचं मीठ काढून शेंदेलोण आणलं, तर दोन्हीकडून नुकसान. पलीकडे पाटण-जावळीचा डोंगरउतार. धो-धो पावसाने धुपणाऱ्या जमिनीतून आयोडीन वाहून जातं, हे जगभर दिसलेलं आहे. अशा मुलखात समुद्रावरची मासळी रोज ताटात येत नाही. मीठ हाच एक खात्रीचा रस्ता उरतो.

ज्यांनी खरंच आयोडीनचं मीठ टाळावं असे लोक अगदी थोडे: थायरॉईडच्या कॅन्सरसाठी रेडिओआयोडीन घ्यायच्या आधी एक-दोन आठवडे, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. हायपोची गोळी रोज घेणाऱ्याने मीठ बदलायची गरज नाही. १०० मायक्रोग्रॅमच्या त्या गोळीतच सुमारे ६५ मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. त्यांचा टीएसएच वर-खाली होण्यामागे मिठापेक्षा चहाचाच हात जास्त. गोळी पाण्याबरोबर, उपाशीपोटी, चहाआधी अर्धा-पाऊण तास. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. गोळी नि चहा एकाच घोटात घेऊन मग मिठाला दोष देणारे कमी नाहीत.

तेव्हा मागणी काय करायची? मिठातलं आयोडीन काढा ही नव्हे. मिरज-सांगली आणि कराड-साताऱ्यात मिळून रोज जेवढे स्कॅन आणि अँजिओग्राफी होतात, त्या प्रत्येक रिपोर्टवर आयोडीनयुक्त डाय वापरलं, तारीख अमुक, मिलिलिटर अमुक, ही एक ओळ ठळक असावी. थायरॉईडचा आजार, गळ्याला गाठी किंवा अर्धी ग्रंथी असेल तर स्कॅनआधी टीएसएच आणि नंतर दोन ते तीन महिन्यांत पुन्हा, हे तिथेच लिहून द्यावं. सगळ्यांच्याच टीएसएचचा आग्रह नको. गावोगावच्या थायरॉईड शिबिरांत एकदाच टीएसएच काढून ५.८ आला म्हणून जन्माची गोळी लिहून देण्याआधी एक प्रश्न विचारावा: गेल्या तीन महिन्यांत डाय, थेंब, हृदयाच्या ठोक्यांची गोळी, रोजची तपकिरी पट्टी यांपैकी काही होतं का? असेल तर ते शक्य तिथे थांबवून दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावं. टीएसएच १० च्या वर असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर मात्र थांबू नये.

मिठाचं मोजमाप मात्र सुधारायलाच हवं. आशाताईंकडे असणाऱ्या किटमध्ये मिठाच्या चिमटीवर थेंब टाकला की ते जांभळं-निळं होतं. त्यावरून आयोडीन आहे एवढं कळतं, किती आहे हे रंगावरून नीट सांगता येत नाही, आणि ३० च्या वर तर मुळीच नाही. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत ७६.३ टक्के घरांतलं मीठ १५ पीपीएम किंवा जास्त आयोडीनचं निघालं. म्हणजे चौथा हिस्सा घरं अजून उंबरठ्याच्या खाली. त्यात मीठ कमी खा हा सल्ला योग्यच आहे आणि तो वाढणार आहे. पण दहा ग्रॅमऐवजी पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर १५ पीपीएमने ७५ मायक्रोग्रॅमच मिळतात, गरजेच्या निम्मे. पीपीएम किती ठेवायचं हे म्हणून लोकांच्या लघवीतल्या आयोडीनवरून ठरवावं लागतं. एका माणसाचा एक नमुना काहीच सांगत नाही, कारण काल काय खाल्लं त्यावर तो हलतो. गावातल्या पुष्कळ नमुन्यांचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, बघायचा असतो. शाळकरी मुलांत तो लिटरमागे १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असला की पुरेसं, ३०० च्या वर गेला की जास्त. गरोदर बायकांत १५० ते २४९ हवा. मुलांचा आकडा छान असताना त्यांच्या आयांचा कमी असू शकतो, म्हणून दोघांचे नमुने वेगळे.

हे काम नवं यंत्रणाजाळं न उभारता होण्याजोगं आहे. उपकेंद्रावर गरोदर बाईची लघवी साखर आणि प्रथिनांसाठी तपासली जातेच, त्यातलेच पाच मिलिलिटर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या कुपीत काढून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतात. फक्त क्रम पाळावा: कुपी आधी भरायची, पट्टी नंतर बुडवायची, कारण लघवीच्या काही तपासणी-पट्ट्यांतच आयोडीन असतं आणि ती बुडवल्यावर नमुना निकामी होतो. आणि त्या टेबलावर पोव्हिडोनची बाटली नको.